वाचकांचे प्रश्न: बदकाच्या पिल्लांचे पाय का वाकतात?

गेल्या अंकात मांसासाठी पाळायच्या पांढऱ्या पेकिन बदकांवर मी जेमतेम पानभर लिहिलं होतं. त्यानंतर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर बदकांनाच देते आहे. मी ३४ वर्षं सरकारी पशुवैद्यक म्हणून काम केलं, आणि निवृत्तीनंतर वेंगुर्ल्याजवळ घरामागच्या पाणथळ तुकड्यात स्वतः पेकिन पाळते. म्हणून खालची उत्तरं थोडी पुस्तकातली आहेत आणि बरीचशी परसातली.

प्रश्न: डॉक्टरताई, मी बदकांची ४० पिल्लं आणली. पहिले बारा-तेरा दिवस मस्त पळत होती. आता पंधरा-सोळा पिल्लांच्या पायाचा मागचा सांधा सुजलाय, पाय धनुष्यासारखे वाकलेत, चार पावलं टाकली की मटकन बसतात. कॅल्शियमची बाटली पाजली, काही फरक नाही. खाद्य कोंबडीच्या ब्रॉयलरचं स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं सुरुवातीचं खाद्य देतो. ते महाग पडतं म्हणून त्यात निम्मी मक्याची भरड मिसळतो. — एक शेतकरी, कुडाळ तालुका

उत्तर: दादा, ती मक्याची भरड आजपासून बंद करा. पत्राचं उत्तर इतकंच हवं असेल तर इथे थांबलात तरी चालेल, पण कारण कळलं तर पुढच्या खेपेला पुन्हा तसं होणार नाही.

तुम्ही सांगता ती लक्षणं नायसिनच्या कमतरतेची आहेत. नायसिन म्हणजे ब गटातलं तिसरं जीवनसत्त्व. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं १९९४ साली कुक्कुटवर्गाच्या पोषणगरजांचे तक्ते छापले. जगभरचे खाद्य बनवणारे आजही त्यांचा आधार घेतात. त्यात ब्रॉयलरच्या पिल्लाला किलोभर खाद्यात ३५ मिलिग्रॅम नायसिन पुरतं असं दिलंय आणि पेकिन बदकाला ५५ मिलिग्रॅम. फरक थोडाथोडका नाही, दीडपटीहून जास्त आहे.

असं का, ते बदकाच्या यकृतात दडलंय. प्रथिनांमधून ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल मिळतं आणि त्यातून शरीर स्वतःच थोडं नायसिन तयार करतं. कोंबडीला हे बऱ्यापैकी जमतं. बदकाच्या यकृतात मात्र एक विकर फार जोरात काम करतं, आणि ते हा कच्चा माल वाटेतच दुसरीकडे वळवतं. पाटाचं पाणी आपल्या वाफ्यात पोचायच्या आत शेजाऱ्यानं दारं मोडून घ्यावं, तसं. म्हणून बदकाला नायसिन तयार स्वरूपात, खाद्यातूनच द्यावं लागतं.

आता तुमचा मका. तक्त्यात पाहिलं तर मक्यातही नायसिन दिसतं. पण ते इतर घटकांशी असं बांधलेलं असतं की पक्ष्याच्या आतड्यात सुटतच नाही. माणसांनाही याचा फटका बसलेला आहे. निव्वळ मक्यावर जगणाऱ्या गरीब लोकांमध्ये पेलाग्रा नावाचा आजार पसरायचा, कातडी काळवंडायची, जुलाब लागायचे, बुद्धी भ्रमायची. आपल्या दख्खनच्या पठारावर तोच आजार ज्वारी खाणाऱ्यांत दिसला. हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेतल्या डॉ. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली त्याचा संबंध ज्वारीतल्या जास्तीच्या ल्युसिन या अमिनो आम्लाशी जोडून दाखवला होता. शिकत असताना हे वाचलं तेव्हा मी थक्क झाले होते. त्या वेळी ते माणसांपुरतं वाटलं होतं, आणि काही वर्षांनी बदकाच्या वाकड्या पायांपाशी तीच गोष्ट पुन्हा समोर आली.

तर तुम्ही निम्मा मका घातलात आणि नायसिन जवळजवळ निम्म्यावर आणलंत. प्रथिनांचंही तेच झालं. पहिल्या दोन आठवड्यांत पेकिनच्या पिल्लाला सुमारे २२ टक्के प्रथिनं लागतात, तुमच्या मिश्रणात ती १५-१६ टक्क्यांच्या वर जाणार नाहीत. बदकाचं पिल्लू या वयात झपाट्यानं वाढतं. अंगाचं वजन वाढत राहतं आणि खाली पाय ते पेलू शकत नाहीत.

करायचं काय? निव्वळ स्टार्टर द्या आणि त्यात वाळलेलं ब्रूअर्स यीस्ट, म्हणजे बिअर बनवताना वापरतात ते यीस्ट, मिसळा. अशा किलोभर यीस्टमध्ये ४०० ते ४५० मिलिग्रॅम नायसिन असतं. म्हणजे किलो खाद्याला ५० ग्रॅम यीस्ट घातलं की वीस-बावीस मिलिग्रॅमची भर पडते, आणि ३५ वरून ५५ ला पोचायला नेमकी तेवढीच हवी असते. पावासाठी वापरतात ते जिवंत यीस्ट आणू नका, ते पोटात फसफसतं. यीस्ट मिळेपर्यंत तालुक्याच्या पशुवैद्यकांना विचारून पाण्यातून बी-कॉम्प्लेक्स सुरू करा. खाद्याच्या गोणीवरची चिठ्ठीही वाचा. काही कंपन्या जीवनसत्त्वं मुळातच जास्त घालतात, तसं असेल तर यीस्ट कमी लागेल.

जी पिल्लं बसूनच आहेत त्यांना वेगळं काढा. पाणी आणि खाद्य त्यांच्या चोचीपाशी ठेवा, नाहीतर बाकीची त्यांना तुडवतील आणि ती उपाशी मरतील. ज्यांना नुकताच त्रास सुरू झालाय ती चार-सहा दिवसांत उभी राहतील. पण हाड एकदा वाकलं की ते सरळ होत नाही, हे मनाची तयारी करून ठेवण्यासाठी सांगते.

कॅल्शियमच्या बाटलीबद्दल. पायाचा कुठलाही त्रास झाला की आपल्याकडे आधी कॅल्शियमच आठवतं. वाढत्या पेकिनला खाद्यात ०.६५ टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम पुरतं आणि ते स्टार्टरमध्ये असतंच. उलट कुणी स्वस्त मिळालं म्हणून अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं लेयर खाद्य पिल्लांना घालतं. त्यात साडेतीन टक्क्यांच्या वर कॅल्शियम असतं, आणि ते पिल्लांच्या मूत्रपिंडावर जातं. खरोखर मुडदूस असेल तर चोच रबरासारखी लवते. चोच दाबून पाहा, टणक असेल तर बाटली बाजूला ठेवा. आणखी एक प्रकार असतो. पहिल्या दोन-तीन दिवसांतच पाय दोन्हीकडे फाकले तर ते गुळगुळीत फरशीमुळे किंवा वर्तमानपत्र अंथरल्यामुळे झालेलं असतं. तिथे गोणपाट अंथरा. तुमची पिल्लं बारा दिवस नीट चालली, म्हणून तुमच्याकडे तसं नाही.

प्रश्न: ताई, आमचा तेलाचा लहान घाणा आहे. भुईमुगाची पेंड घरचीच. बदकांना पेंड घालावी म्हणते. मागच्या पावसातली दोन पोती आहेत, जरा कुबट वास येतो. उन्हात वाळवून, भाजून घातली तर चालेल का? — एक वाचक, बार्शी

उत्तर: नाही ताई. भाजून नाही, वाळवून नाही, थोडीशीसुद्धा नाही. बदकांना तर नाहीच.

माझ्या नोकरीचं दुसरं वर्ष होतं. एका शेतकऱ्याकडून सकाळी निरोप आला. गेले तर शेडच्या कोपऱ्यात पिल्लांचा ढीग. रात्रीतून साठ-सत्तर मेली होती. उरलेली लटपटत होती, मान मागे टाकत होती. मी साथीचा रोग समजले. चिरून पाहिलं तर यकृत फिकट, मोठं, त्यावर रक्ताचे ठिपके. चार दिवसांपूर्वी नवी पेंड आणली होती, असं शेतकऱ्याची बायको बोलता बोलता म्हणाली. विकणाऱ्यानं ‘जुनी आहे, पण चांगली आहे’ म्हणून स्वस्तात दिली होती. पोत्यात हात घातला तर आतला थर हिरवट आणि कोमट लागला. त्या बाईंनी पिल्लं अंगणात एकेक करून मोजली, ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही. त्या वर्षी मुलीच्या शाळेचे पैसे त्या बदकांतून यायचे होते.

त्या बुरशीचं नाव अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस आणि तिच्या विषाचं नाव अफ्लाटॉक्सिन. हे विष जगाला कळलं तेच पक्ष्यांमुळे. १९६० साली इंग्लंडमध्ये मांसासाठी पाळलेले टर्की नावाचे एक लाखाहून जास्त पक्षी अचानक मेले. कारण सापडेना, म्हणून रोगाला ‘टर्की एक्स’ म्हणू लागले. बदकांची पिल्लंही त्याच वेळी मरत होती. शोध घेत घेत संशोधक ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत पोचले. त्यानंतर कुठल्याही पेंडीत विष आहे का हे तपासायला प्रयोगशाळा एक दिवसाचं बदकाचं पिल्लू वापरू लागल्या, कारण इतकं हळवं दुसरं जनावर सहजी मिळत नव्हतं. ५० ग्रॅम वजनाच्या पिल्लाला सुमारे १८ मायक्रोग्रॅम अफ्लाटॉक्सिन बी-१ दिलं की निम्मी पिल्लं दगावतात. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. कोंबडीचं पिल्लू याच्या कितीतरी पट जास्त विष सोसतं. म्हणून ‘आमच्या कोंबड्यांना काही झालं नाही’ हा पुरावा धरू नका. कोंबडीनं पचवलेली पेंड बदकाला मारू शकते.

भाजल्यानं बुरशी मरते, विष उरतं. चुलीवरच्या किंवा भट्टीवरच्या आचेला ते पुरतं नष्ट होत नाही. उन्हानं वास जातो आणि त्यामुळे धोका वाढतो, कारण नाकानं दिलेला इशारा तेवढा नाहीसा होतो.

आणि ही दोन पोती गाईम्हशींनाही घालू नका, विषाचा अंश दुधात उतरतो. माणसांचंही सांगते. १९७४ साली राजस्थान आणि गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत बुरशी आलेला मका खाऊन शंभराहून जास्त माणसं दगावली. तिथेही हेच विष निघालं. खड्डा करून पोती पुरून टाका.

पुढे पेंड घालायचीच असेल तर ताज्या घाण्याची, कोरडी, पंधरा दिवसांत संपेल एवढीच ठेवा, तीही पिल्लं मोठी झाल्यावर. पोती जमिनीवर आणि भिंतीला टेकवून ठेवू नका, खाली फळ्या घाला. माझ्यापुरतं विचाराल तर बदकांसाठी मी भुईमुगाची पेंड पूर्ण सोडली आणि सोयाबीनची पेंड वापरते. तिलाही बुरशी लागू शकते, पण भुईमुगाइतकी धास्ती तिची वाटत नाही.

प्रश्न: मॅडम, आमच्याकडे तळं नाही, ओढा नाही. बोअरवेलचं पाणी मोजून वापरतो. बदकाला पोहायला पाणी नसेल तर त्याचे हाल होतात का? तसं असेल तर मी हा धंदा करणार नाही. — एक तरुण, पालघर जिल्हा

उत्तर: तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. असा विचार करून धंद्यात उतरणाऱ्याकडे बदकं नीटच राहतील.

या प्रश्नावर ऑक्सफर्ड विद्यापीठात चांगलं काम झालेलं आहे. मारियन डॉकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली पेकिन बदकांना वेगवेगळ्या प्रकारे पाणी देऊन पाहिलं. काहींना छोटं तळं, काहींना डोकं बुडेल अशी कुंडी, काहींना वरून पडणारा शॉवर आणि काहींना फक्त चोचीनं दाबायची निपल. नुसत्या निपलवरच्या बदकांच्या मानानं बाकीच्या तिघांची स्थिती चांगली राहिली. आणि तुमच्या कामाची गोष्ट अशी की कुंडी आणि शॉवर यांनी तळ्याची जागा बऱ्यापैकी भरून काढली. शॉवरखाली तर बदकं हौसेनं उभी राहत.

बदकाला पोहण्यापेक्षा डोकं बुडवता येणं जास्त गरजेचं आहे. डोळे आणि नाकपुड्या ते पाण्यात धुतं. तेवढं पाणी मिळालं नाही तर डोळ्यांभोवती चिकट कड साचते, नाकपुड्या खाद्याच्या लगद्यानं बुजतात, पिसं मळतात. मग शेपटीच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथीतलं तेल पिसांवर नीट पसरत नाही.

तुम्ही असं करा. खोल घमेलं घ्या, ज्यात बदकाचं डोकं डोळ्यांसकट बुडेल. त्यावर सळ्यांची जाळी अशी ठेवा की डोकं जाईल पण अंग जाणार नाही, म्हणजे ते आत बसून पाणी घाण करणार नाहीत. घमेल्याखाली खडी पसरा आणि उतार शेडच्या बाहेर काढा. ठिबकच्या नळीला दोन-तीन फवारे लावून रोज दुपारी थोडा वेळ सुरू ठेवलेत तरी बदकं खूश होतील. ते पाणी नारळीच्या आळ्यात सोडा. आमच्या आळ्यांना मी वेगळं खत घालत नाही.

पाणी शेडच्या आत मात्र नको. बदकाच्या विष्ठेतच ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं, त्यात सांडलेलं पाणी मिळालं की खाली अंथरलेलं तूस दोन दिवसांत कुजतं, अमोनियाचा वास डोळ्यांत जातो आणि तळपायांना फोड येतात. रोज संध्याकाळी कोरडं तूस वरून पसरायचं, याला पर्याय नाही.

दोन सूचना. मशीनमध्ये उबवलेल्या पिल्लांना पहिले तीन-चार आठवडे अंग भिजेल असं पाणी देऊ नका. आईच्या अंगाचं तेल त्यांच्या पिसांना लागलेलं नसतं, ती भिजतात, गारठतात आणि मरतात. आणि खाद्य खाताना पाणी जवळ हवंच. बदक एक चोच खाद्य, एक चोच पाणी असंच जेवतं. पाणी रिकामं आणि खाद्य भरलेलं असेल तर घशात गोळा अडकतो.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. लाँग आयलंडला फिरायला गेलो तेव्हा बदकाच्या आकाराचं एक दुकान पाहिलं. मुलं विचारतात, तिथे बदक कुठून आलं आणि इतकं महत्त्वाचं का? आणि हल्ली पेकिन इतकं मोठं कसं होतं? — एक आई

उत्तर: ते दुकान फ्लँडर्स गावातलं ‘बिग डक’. १९३१ साली एका बदक पाळणाऱ्यानंच ते आपली बदकं आणि अंडी विकायला बांधलं. मुलांना सांगा, त्या काळी लाँग आयलंडवर बदकांचे कितीतरी फार्म होते आणि त्या सगळ्यांचं मूळ चीनमध्ये आहे. १८७३ साली पेकिंगहून जहाजानं पांढरी बदकं अमेरिकेला आली. वाटेत काही मेली, पोचली ती मोजून नऊ असं सांगतात.

आता फार्म जवळजवळ नाहीसे झालेत. पण माझ्यासारखीला लाँग आयलंड आठवतं ते तिथल्या ईस्टपोर्ट गावातल्या प्रयोगशाळेमुळे. कॉर्नेल विद्यापीठानं फक्त बदकांसाठी चालवलेली ती प्रयोगशाळा. १९४९-५० च्या सुमारास तिथल्या पिल्लांत एक भयंकर रोग आला. पिल्लं मान मागे टाकून तासाभरात मरत. लेव्हीन आणि फॅब्रिकंट या दोघांनी तो विषाणूमुळे होणारा यकृतदाह असल्याचं दाखवलं आणि पुढे त्यावर लस आली. मी नोकरीत लागले तेव्हा मराठीत तर सोडाच, इंग्रजीतही बदकांवर हाताशी येईल असं फार थोडं होतं. त्या प्रयोगशाळेतल्या कामाच्या चक्रमुद्रित प्रती एका सरांनी मला दिल्या होत्या. त्यांच्या कडा वाळवीनं खाल्ल्यात, पण मी अजून जपून ठेवल्यात.

आकाराचं म्हणाल तर त्याचं उत्तर बीजिंगहून आलं. तिथल्या कृषी विज्ञान अकादमीतल्या संशोधकांनी मॅलार्ड हे रानबदक आणि पेकिन यांचा संकर केला, आणि दुसऱ्या पिढीतल्या हजाराहून जास्त बदकांची वजनं आणि जनुकं ताडून पाहिली. २०१८ साली त्यांनी निष्कर्ष छापले. मॅलार्डमध्ये आयजीएफ-टू-बीपी-वन नावाचं एक जनुक अंड्यातून बाहेर आल्यावर गप्प होतं. पेकिनमध्ये ते जन्मानंतरही चालू राहतं, आणि त्यामुळे शरीर सुमारे १५ टक्क्यांनी मोठं होतं, खाल्लेलं खाद्यही अंगी जास्त लागतं. पांढऱ्या रंगाचं मूळही त्याच अभ्यासात दुसऱ्या एका जनुकापाशी सापडलं. चीनमधल्या शेतकऱ्यांनी नुसत्या डोळ्यांनी, पिढ्यान् पिढ्या मोठी आणि पांढरी बदकं निवडली, आणि नकळत नेमक्या या दोन गोष्टी धरून ठेवल्या. मला त्या अनाम शेतकऱ्यांचं फार कौतुक वाटतं.

प्रश्न: कोंबड्या आणि बदकं एकाच खुराड्यात ठेवली तर चालतात का? जागा कमी आहे. — एक वाचक, नंदुरबार जिल्हा

उत्तर: नका ठेवू. बदकं पाणी सांडणार, ओल्या तुसात कोंबड्यांना रोग होणार, हे एक. पण तुमच्या जिल्ह्यातून हा प्रश्न आलाय म्हणून दुसरं कारण जास्त नेटानं सांगते. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू तुमच्याच जिल्ह्यातल्या नवापूरला निघाला. तिथली खड्ड्यांत पुरलेली कोंबडी आणि रिकामी पडलेली शेडं तुम्ही किंवा तुमच्या वडिलांनी पाहिली असतील. हा विषाणू कोंबडीत शिरला की दोन-तीन दिवसांत शेड रिकामं होतं, पण बदक कित्येकदा तो अंगात घेऊन धडधाकट फिरत राहतं आणि विष्ठेतून पसरवतं. अर्थात बदकंही वाचतात असं नाही, २०१४ साली केरळात कुट्टनाडमध्ये त्यांचीच मोठी मर झाली. फ्रान्सनं तर २०२३ च्या ऑक्टोबरपासून बदकांना मोठ्या प्रमाणावर लस टोचायला घेतली, ती याच काळजीनं.

बदकं वेगळ्या कुंपणात ठेवा, त्यांच्याकडे जायची चप्पल वेगळी ठेवा आणि रानबदकं उतरतात त्या पाणवठ्यावर त्यांना सोडू नका. एकदम चार-पाच पक्षी मेले तर चिरू नका, खाऊ नका, विकू नका. त्याच दिवशी पशुसंवर्धन विभागाच्या दवाखान्याला कळवा.

प्रश्न: आमचं घरगुती खानावळ आणि राहायची सोय आहे. पाहुणे बदकाचं मटण मागतात. बदक नेमकं कितव्या आठवड्यात कापावं? एकदा पाचव्या आठवड्यात कापलं तर छातीला मांसच नव्हतं, आणि एकदा दहाव्या आठवड्यात कापलं तर पिसं सोलता सोलता आमच्या मावशींचे हात दुखले. — एक ताई, गुहागर

उत्तर: तुमच्या दोन्ही अनुभवांना कारण आहे. कोंबडीसारखी बदकाची छाती लवकर भरत नाही. पिल्लू जन्मतः चालतं-पोहतं, म्हणून आधी पाय वाढतात. छातीचं मांस चौथ्या आठवड्यापासून जोर धरतं, पंख उडण्याजोगे होण्याच्या सुमाराला. पाचव्या आठवड्यात तुम्ही जे कापलंत ते नुसते पाय होते म्हणा.

दहाव्या आठवड्यात झालं ते पिसांमुळे. सातव्या-आठव्या आठवड्याला पिसांचा पहिला साज पुरा होतो, त्या वेळी कातडी साफ निघते. मग बदक पिसं टाकून नवी आणायला लागतं आणि काट्यासारखे अर्धवट कोंभ कातडीत अडकून बसतात. ते बाराव्या-तेराव्या आठवड्यापर्यंत चालतं. तोवर कातडीखाली चरबीही साठते आणि खाद्याचा खर्च वसूल होत नाही.

मोठ्या फार्मवर चांगल्या जातीचं पेकिन सहा आठवड्यांत तीन किलोच्या वर जातं. घरगुती खाद्यावर तेवढं वजन धरू नका, सातवा आठवडा धरा. कापायच्या आधी छातीवरची पिसं उलटी फिरवून पाहा. कातडी स्वच्छ गुलाबी दिसली, निळसर टोकं दिसली नाहीत, तर त्याच आठवड्यात उरका. दोन आठवडे झाल्यावर प्रथिनं १६ टक्क्यांवर आणली तरी चालतात, तिथे तुमचे पैसे वाचतील. भरड घालत असाल तर ती सोडून गोळीचं खाद्य घ्या. भरड ओली होऊन चोचीला चिकटते आणि बदक ती पाण्यात धुऊन टाकतं, निम्मं खाद्य घमेल्याच्या तळाशी जातं.

आणि मावशींना सांगा, गरम पाण्यात बुडवण्याआधी पाण्यात चमचाभर साबणाचा चुरा विरघळवा. बदकाची पिसं तेलकट, नुसतं पाणी आत शिरत नाही. मुळापर्यंत पाणी पोचलं की पिसं मुठीमुठीनं निघतात. नंतर दोनदा स्वच्छ पाण्यानं धुऊन घ्या.